मागून सुरू केलेलं फ्रेंच

४ फेब्रुवारी

ती. मामास,

सा. न. वि. वि. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आई म्हणाली की फोन कर, पण फोनवर माझं काय होतं ते तुला माहितीये. म्हणून लिहितेय.

शाळा सोडल्यापासून मी बाइंडिंगच्या दुकानात जाते, हे आईने सांगितलं असेलच. वर्गात उभं राहून धडा वाच म्हटलं की माझा आवाज गायब व्हायचा. इथे तसलं काही नाही. मालक काका रेडिओ ऐकतात, मी फाटकी पुस्तकं उसवते. पुस्तकं काही विचारत नाहीत.

मागच्या आठवड्यात एक जाडजूड पुस्तक आलं, फ्रेंच क्रियापदांचं. समजावलंय आपल्या भाषेत, तक्ते फ्रेंचमध्ये. शिलाई सोडवून त्याचे सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे केले. काका नेहमी शेवटच्या फर्म्यापासून दुरुस्ती करतात, कारण मागची पानं जास्त फाटलेली असतात. फाटलेल्या घडीवर खळ लावून पातळ कागद चिकटवायचा आणि सुकेपर्यंत वजनाखाली ठेवायचा. कागद सुकेपर्यंत मी पुढचा फर्मा वाचत बसते. पुढचा म्हणजे त्याच्या आधीचा. कळलं ना?

तर मामा, मला फ्रेंच येतंय! हे बघ, न बघता लिहितेय: que je parlasse, que tu parlasses, qu'il parlât, que nous parlassions, que vous parlassiez, qu'ils parlassent. म्हणजे 'मी बोलावं, तू बोलावंस' असं काहीतरी. 'तो'च्या डोक्यावरच तेवढी टोपी, बाकी सगळे स्स स्स करत हिंडतात. बरोबर आहे का? तू आयुष्यभर भाषांतराच्या कचेरीत फ्रेंच कागद वाचलेस, तूच सांग.

आणि एक. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळचा फ्रेंचचा वर्ग सुरू होणार आहे. दोन वर्षांनी सर्टिफिकेट मिळतं, आणि ग्रंथालयाच्या दुरुस्ती खोलीत ते दहावीऐवजी चालतं. मला तिथे काम करायचंय मामा. तिथे तीनशे वर्षांची पुस्तकं आहेत. पण शाळा सोडलेल्यांना वर्गात घेण्याआधी बाई दहा मिनिटं समोर बसवून बोलायला लावतात. दहा!

रागावू नकोस, लवकर लिही.
तुझी भाची

१३ फेब्रुवारी

चि. पुटपुटीस,

अ. उ. आ. हसून हसून मला चष्मा काढून ठेवावा लागला. शेजारच्यांनी दार ठोठावून विचारलं की बरं आहे ना.

अगं वेडाबाई, तुझी सहाच्या सहा रूपं बरोबर आहेत, टोपीसकट. पण तू शिकलीस काय ते माहितीये का? सबजंक्टिव्हचा अपूर्ण भूतकाळ! फ्रेंच माणसं शाळेत तो बघतात आणि सुटलो म्हणून पळतात. बोलण्यात तो कोणी वापरत नाही, जुन्या पुस्तकातच उरलाय. लोक 'मी आहे, तू आहेस' पासून सुरुवात करतात. तू गच्चीवरून घरात शिरलीस.

आता शिरलीच आहेस तर नीट शीक. आधीचं क्रियापद भूतकाळातलं असेल आणि त्यात इच्छा, भीती, शंका असलं काही असेल, की पुढच्याला हे रूप. 'तिने बोलावं असं मला वाटत होतं', यातलं 'बोलावं'. करायचं कसं? गोष्टीतल्या भूतकाळाचं 'तू'चं रूप घे आणि मागे se लाव. tu parlas, parlasse. tu finis, finisse. tu fus, fusse. टोपी कुठे ते तुला कळलंच आहे. रोज पाच वाक्यं कर, पण तुझ्या स्वतःच्या घरातली. पुस्तकातले राजे-राण्या नकोत.

सोबत साध्या वर्तमानकाळाचा कागद पाठवतोय. कृपा करून तोही बघ, नाहीतर पाणी मागतानाही दरबारात उभी राहिल्यासारखी मागशील.

वर्गाचा अर्ज भर. दहा मिनिटं म्हणजे काय गं, तुझ्या आईला फोन ठेवायलाच तेवढी लागतात.

तुझा मामा

१० मार्च

ती. मामास,

सा. न. वि. वि. वाक्यं घे. तपासून परत पाठव, लाल शाईने नको, शाळेची आठवण येते.

Maman voulait que je parlasse. आईला वाटायचं मी बोलावं. Le patron craignait que je ne renversasse la colle. मालकांना भीती होती की मी खळ सांडेन. (सांडली. काका ओरडले नाहीत, पण रेडिओ मोठा केला.) Il fallait que je fusse sage. मी शहाण्यासारखं वागायला हवं होतं.

गंमत म्हणजे मला हा काळ फार आवडायला लागलाय. सगळं कोणाला तरी वाटत होतं, कोणाला तरी हवं होतं, पण झालं की नाही ते कोणी सांगतच नाही. आणि बोलायचा नाहीच आहे, नुसता लिहायचा! माझ्यासाठीच केलाय जणू. तुझा वर्तमानकाळाचा कागद मात्र कंटाळवाणा आहे. 'मी आहे, माझ्याकडे पेन आहे.' बरं मग?

आता खरं कारण. अर्ज भरला. दोन एप्रिलला बोलावलंय. तेव्हापासून मला घास गिळवत नाही. रोज पुठ्ठे कापायच्या मशीनसमोर उभी राहून बोलून बघते, मशीनसमोर येतं. काका आत आले की बंद. आई म्हणते तोंडात काय मूग धरलेस का. जागा पंधराच आहेत मामा, आणि या वर्षी राहिलं तर वर्ग पुन्हा दोन वर्षांनी.

म्हणून एक काम कर. तुझी भाषा चांगली आहे. बाईंना एक पत्र लिही की मुलीला घशाचा त्रास आहे, तिची परीक्षा लेखी घ्या. मी कितीही पानं लिहीन. एवढं करच. नाही म्हणू नकोस.

तुझी भाची

१९ मार्च

चि. पुटपुटीस,

अ. उ. आ. वाक्यं तपासली. एकही चूक नाही, मला दोनदा पुस्तक उघडावं लागलं. हिरव्या शाईने शाबास.

पत्र लिहिणार नाही.

रुसलीस? रूस. पण आधी हे वाच, तुझ्या आईलाही मी हे सांगितलेलं नाही. मी एकतीस वर्षं फ्रेंच कागदांचं भाषांतर केलं. त्या एकतीस वर्षांत तोंडाने फ्रेंचचा एक शब्द काढला नाही. एकदा कचेरीत खरोखरची फ्रेंच बाई आली. साहेबांनी मला बोलावणं पाठवलं. मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन कपाटांच्या मागे उभा राहिलो, पाऊण तास. निरोप दिला की पोटात दुखतंय. साहेबांनी तिच्याबरोबर नव्या पोराला पाठवलं. त्याच्या निम्म्या क्रियापदांचे पाय मोडलेले असायचे. पुढे तो तिच्या देशात दोन वर्षं राहून आला. मी त्याची पत्रं तपासत राहिलो.

तेव्हा मला कोणी तरी घशाचा दाखला दिला असता तर मी पायाच पडलो असतो त्याच्या. म्हणूनच तुला देत नाही.

जा. गप्प बसलीस तर गप्प बसून ये. पण त्या खुर्चीत बसून गप्प बस. कपाटामागे नको.

घास गिळ. दूध पी. आईला सांग, मूग माझ्याच घराण्याचे आहेत.

तुझा घाबरट मामा

६ एप्रिल

ती. मामास,

सा. न. वि. वि. तुझ्यावर तीन दिवस रुसले होते. चौथ्या दिवशी तू कपाटामागे पोट धरून उभा आहेस असं डोळ्यांसमोर आलं आणि भर दुकानात हसले. काकांनी रेडिओ बंद करून बघितलं.

गेले. नेमका काकांचा जुना पांढरा शर्ट घालून, त्याच्या बाहीवर खळ. बाई तुझ्या वयाच्या, आखूड केस, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी नाव विचारलं, ते सांगितलं. शाळा का सोडली विचारलं. झालं, आवाज गेला. मी टेबलाकडे बघत बसले. समोर भिंतीवर घड्याळ होतं. तीन मिनिटं गेली मामा, मी मोजली. मनात म्हटलं, खुर्चीत आहे ना, बास.

पण टेबलावर बाईंचा शब्दकोश होता. काय हाल केलेत त्याचे! कणा सुटलेला, मधला एक फर्मा जिभेसारखा बाहेर आलेला, आणि त्यावर चिकटपट्टी! चिकटपट्टी, मामा! मला राहवेना. मी तो ओढून घेतला आणि म्हटलं की ही पट्टी कोणी लावली, हिने कागद पिवळा पडून तुटतो. बाई म्हणाल्या की त्यांनीच लावली. मग मी सांगायलाच लागले. पट्टी कशी काढायची, घडीला कुठला कागद, टाके किती, खळ किती पातळ. त्या मधेमधे विचारत होत्या, मी उत्तर देत होते. शाळेचंही सांगून टाकलं, उभं राहून वाचायचं ते. सांगताना हात पुस्तकावर होते म्हणून असेल, आवाज कुठे गेला नाही.

शेवटी म्हणाल्या की फ्रेंचमध्ये एखादं वाक्य येतं का, कुठलंही. आता मला कुठलं येणार! तुझं पेन मेलं आठवेना. शब्दकोशाकडे बघून म्हणाले: Il fallait que vous le cousissiez plus tôt. तुम्ही हा आधीच शिवायला हवा होता.

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं रागावल्या, एक तर परीक्षा द्यायला आले आणि वर त्यांनाच बोलले. पण त्या इतक्या हसल्या की बाहेर बसलेला मुलगा दारातून डोकावला. म्हणाल्या की वीस वर्षं शिकवतेय, हा काळ माझ्या तोंडावर कोणी फेकला नव्हता. मग पाण्याचा ग्लास पुढे करून फ्रेंचमध्ये काहीतरी साधं विचारलं. मला ओ की ठो कळलं नाही. 'पाणी हवं का' असं होतं ते. त्यावर अजून हसल्या.

यादी काल लागली. मी चौदावी. नावापुढे बाईंनी शेरा मारलाय: पहिल्या पानापासून सुरुवात करावी. वर्तमानकाळाचा कागद उशाशी घेतलाय, आता नाक मुरडत नाही.

सोमवारी पहिला तास. बाईंनी सांगून ठेवलंय की या वर्गात लिहिणं कमी, बोलणं जास्त, सवलत कोणालाच नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून स्वतःबद्दल सांगायचं, दोन मिनिटं. मग दुकानात मनातल्या मनात जुळवायला बसले: काका, रेडिओ, तू, आई, सांडलेली खळ, तीनशे वर्षांची पुस्तकं.

मामा, दोन मिनिटांत कसं बसवू एवढं सगळं?

उत्तर लवकर दे, सोमवारच्या आत.
तुझी भाची