राजयोगाचा तळहात

कोथरूड, ४ फेब्रुवारी

चि. तनुजास आजीचे अ. आ.

फोनवर तुझं बोलणं मला ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर नुसतं कपाळ दिसतं, म्हणून पत्र. तुझा दादा ऋषी म्हणतो, तू हैदराबादेत उंदरांचा इसब बघतेस. जन्मभर मी घरातले उंदीर मारले, नातीने त्यांचा दवाखाना काढला!

आधी घरचा इसब बघ. दादाची लेक पूर्वा रात्रंदिवस खाजवते, गाल सोललेत. कारण मला ठाऊक आहे. तुझ्या वहिनीने, वैष्णवीने, पोटुशी असताना वांगी खाल्ली. मी पोरीला रोज डाळीच्या पिठाने खसाखसा घासते, तर वैष्णवी चिडून तिला घेऊन नारायण पेठेत माहेरी गेली. येत नाही म्हणते. ऋषी तोंड पाडून बसलाय. तुझे उंदीर काय सांगतात ते कळव, तिला दाखवते.

डोक्याला तेल लावत जा, आशीर्वाद आहेतच.

तुझी आजी, सोजरबाई

हैदराबाद, ११ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आमच्या प्रयोगशाळेतले उंदीर वांगी खात नाहीत, तरी त्यांना इसब होतो. त्यांच्यातल्या एका जातीची कातडी जन्मतःच कच्ची. आतला ओलावा टिकत नाही, बाहेरची घाण आत शिरते आणि खाज सुटते. दुसऱ्या, धडधाकट उंदरांची कातडी आम्ही मुद्दाम सोलून पातळ करतो. त्यांचंही तेच होतं. हे कोणासारखं वाटतं, ते मी लिहीत नाही.

माणसांत अशी कातडी बरेचदा घराण्यातून येते. एक खूण म्हणजे तळहातावर दाट, बारीक रेषा. वहिनीचे हात मी पाहिलेत, तसे नाहीत. आपल्या घरात कोणाचे आहेत, बघ. पीठ बंद कर, पूर्वाला डॉक्टरांना दाखवा.

रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी तनुजा

कोथरूड, १९ फेब्रुवारी

चि. तनुजास अ. आ.

चष्मा सापडेना म्हणून तुझं पत्र ऋषीकडून वाचून घेतलं. सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं वाचलं मेल्याने. जत्रेतल्या ज्योतिषाने माझा तळहात बघून सांगितलं होतं, एवढ्या रेषा राजाच्या हातावर असतात. तेव्हापासून येईल त्याला मी तो हात दाखवला. आता कळलं, हा राजयोग उंदरांनाही आहे.

तीन दिवसांपूर्वी रिक्षाने नारायण पेठेत गेले. पूर्वाची मूठ उघडली. माझाच हात, लहान करून ठेवलेला. वैष्णवीची आई चहा गाळता गाळता बघत होती. मी वैष्णवीला म्हटलं, वांगी खात जा, तुझा दोष नाही. माफी मागितलीस का, असं विचारू नकोस. पेठेतल्या विहीणबाईंसमोर एवढं म्हणाले, ते पुष्कळ. वैष्णवी हसली नाही, पण पूर्वाची पिशवी भरायला लागली.

आता डॉक्टरांचं मलम चालू आहे. वैष्णवी पोरीला लावते आणि उरलेलं मला न विचारता माझ्या हातांना फासते. डाळीचं पीठ वाया घालवलं नाही. पिठलं केलं, सोबत वांग्याचं भरीत. दोनदा मागून घेतलं वैष्णवीने.

तुझ्या उंदरांना माझे आशीर्वाद सांग. भाऊबंद निघाले, आणि वयाने मीच मोठी.

तुझी आजी