पेपर होईपर्यंत

आई, काल मी एका मुलीशी हसत हसत खोटं बोलले आणि आज तिनं मला मोठा धक्का दिला. तुला नाही तर कुणाला सांगू?

मुलगी तेल्हाऱ्याची, माझ्या मैत्रिणीची लेक. इंग्लंडात एकटीच शिकते. तिकडे डॉक्टर व्हायचं तर नुसत्या मार्कांवर भागत नाही, मुलाखत द्यावी लागते. म्हणून दर रविवारी अकोल्याचा दवाखाना बंद करून मी व्हिडिओवर तिची तयारी करून घेते. डॉक्टर कशाला व्हायचंय, असं विचारलं की ती आजोबांवर येते. आबांनीच तिला वाढवलं. काल सकाळी तिच्या बापाचा फोन आला. "ताई, आबा गेले. पोरीले सांगू नका. उद्या तिची मुलाखत हाय, तेवढी होऊ द्या." आणि मी, आई, मी लगेच हो म्हटलं!

मी हो म्हणावं? राजापेठेतली माझी ती शिकतानाची भाड्याची खोली आठवते ना? मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची सकाळ. बाबा आदल्या दिवशी गेलेत, दादानं अग्नीही दिलाय, आणि तू नांदगाव खंडेश्वरहून पहिल्या एसटीनं डबा घेऊन दारात उभी. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या. "तुहे बाबा बरे हायेत. तू पेपरात ध्यान दे." सगळा गाव बघत असताना तू कुंकू लावून एसटीत बसलीस कशी? पेपर झाल्यावर मला सांगितलं, असं मी सगळ्यांना चिडून सांगत आले.

आणि काल सराव घेताना मीच तिला म्हणाले, "आबांचं सांग, पण रडू नकोस." ती जरा थांबली, मग हसून सगळं नीट बोलली. मी शाबासकीसुद्धा दिली.

आज मुलाखत संपल्यावर तिचा फोन आला. मी कसंबसं तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "मावशी, मले कालच, तुमच्या कॉलच्या आधीच मालूम झालं. चुलतभावानं आबांचा हार घातलेला फोटो स्टेटसले ठेवला होता."

मी विचारलं, "मंग बोलली काहून नाही वं?"

"तुमी एवढ्या हसून राहिल्या होत्या. आन बाबाले सांगू नका, मले मालूम होतं म्हनून. त्यायनं माह्यासाठी रडनं दाबून ठेवलं."

प्रवेश मिळाला की नाही ते यथावकाश कळेल.

तू नसताना हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी? पण एक सांगायचं राहिलंय. त्या सकाळी तुझ्या हातात काकूच्या बांगड्या होत्या, आणि त्यांच्याखाली तुझ्या बांगड्या फोडल्याचे ताजे ओरखडे. मला तेव्हाच कळलं होतं, आई. तरी डबा घेताना मी म्हणाले, "बाबाले सांग, पेपर सोपा जाईन." तुला बरं वाटावं म्हणून.