सेराफीनाच्या पलंगावर चादर कोण घालणार

पोस्टाने बोलावलेल्या लग्नाला मी जात नाही, असं तू बसचा ड्रायव्हर वीतो याला सांगितलंस, आणि त्याने ते अख्ख्या बसला सांगितलं. मला ते चर्चच्या पायरीवर शेंगा सोलताना कळलं, तेही एका परक्या बाईकडून. कोरोनाता, माझ्या गुडघ्यांत तुमचा डोंगर चढायची ताकद असती तर आमंत्रणाचे साखरेचे बदाम घेऊन मी स्वतः तुझ्या दारात उभी राहिले असते, आणि मग तू म्हणाली असतीस की बदाम जुने आहेत. तुझ्या जन्मापासून ओळखते मी तुला.

असो. धाकट्या बहिणीला थोरल्या आसुंताचे आशीर्वाद. मी बरी आहे, म्हणजे जेवते आणि भांडते. तुझी कंबर कशी आहे, शेळ्या दूध देतात का, तुझ्या नवऱ्याची, दोनातोची, तब्येत काय म्हणते, सगळं कळव. आता नीट बसून वाच (तुला वाचायला वेळ लागतो, मला लिहायला, दोघींची शाळा सारखीच झाली).

माझी नात सेराफीना येत्या रविवारी लग्नाला उभी राहते आहे. मुलगा कातालदो, ट्रक दुरुस्त करतो, फारसं बोलत नाही. आई एर्सीलिया असल्यावर त्याच्या वाट्याला बोलणं उरलंच नसेल. तर सोमवारी त्या दोघांचा पलंग सजवायचा होता. विधवेने त्या पलंगाला बोट लावायचं नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. आता आमच्या घरात मी विधवा, माझी सून लुक्रेत्सिया विधवा. आमच्याकडे पुरुष टिकत नाहीत त्याला मी काय करू, वेळेवर जेवायला तर घालत होतो. म्हणून आम्ही दोघी काळ्या कपड्यांत भिंतीला खुर्च्या लावून बसलो आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना एर्सीलिया आणि तिची बहीण. ‘तुम्ही आरामात बसा हो आसुंताबाई, आम्ही करतो सगळं,’ एर्सीलिया म्हणाली. (इतकं गोड की माझे दात दुखले. जे तीन आहेत ते.)

चादरी माझ्या. सेराफीनाच्या बाप्तिस्म्यापासून मी त्या भरते आहे, डोळे गेले ते त्यांच्यापायी. वरच्या काठाला नावाची अक्षरं आहेत, आंधळ्याच्याही हाताला लागतील अशी. आणि या दोघींनी चादर उलटी घातली, अक्षरं पायांकडे. म्हणजे नातीच्या नावावर नातजावयाने टाचा घासायच्या. मी बसल्या जागेवरून काठी पुढे केली आणि चादरीचं टोक ओढलं. एर्सीलिया ओरडली की विधवेने पलंगाला शिवायचं नाही. मी म्हटलं, ‘काठीचा नवरा मेलेला नाही.’ ती म्हणाली, ‘ती धरणाऱ्या हाताचा मेलाय ना.’ (बाई मूर्ख नाही. तेच तर दुःख आहे.)

चादर सरळ झाली. त्यावर साखरेचे बदाम उधळले, आणि पहिला मुलगा व्हावा म्हणून लोळवायला एर्सीलियाच्या बहिणीने आपला नातू आणला. पोर म्हणजे चीजचा गोळा. तो लोळला कसला, पालथा पडला आणि बदाम तोंडात टाकला. आजीने बदाम काढायला बोट घातलं, तो तिला चावला, ती किंचाळली, तो घाबरला, आणि घाबरलेलं पोर जे करतं ते त्याने माझ्या भरतकामावर, बरोबर मधोमध केलं. मी हसले नाही. लुक्रेत्सिया हसली, तिला मी बाहेर नेऊन रागावले आणि मग तिथे दोघीही हसलो.

पण आत आलो तर एर्सीलियाने निकाल देऊन टाकलेला. काठी फिरली म्हणून असं झालं. पलंग गुरुवारी पुन्हा सजवायचा, आणि आता तिच्या चादरी. बारी शहरातल्या दुकानातल्या, हात लावला की करकरतात. ‘तुमच्याकडे नवरा जिवंत असलेली बाई नाही, मग तुमच्या चादरी घालणार तरी कोण?’ गुरुवारी संध्याकाळी सगळ्या गावच्या बाया पलंग बघायला येणार, सासूच्या चादरी बघणार, आणि पोरगी रिकाम्या हाताने आली हे सेराफीनाला प्रत्येक भांडणात मरेपर्यंत ऐकावं लागणार. तिने माझी चादर स्वतः धुतली, वाळवली आणि इस्त्री करत बसली आहे. इस्त्री केव्हाच झाली आहे, तरी करते आहे.

तेव्हा मी एर्सीलियाला सांगून टाकलं की गुरुवारी आमच्याकडून बाई येते आहे, रक्ताची आहे, नवरा धडधाकट आहे, आणि चादर अशी ताणते की वर ठेवलेलं अंडं घरंगळून जाईल.

बाकी लग्नाला यायचं की नाही ही तुझी मर्जी. मी आग्रह करणारी नव्हे.

तुझी बहीण,
आसुंता

ता.क. ती बाई तू आहेस. गुरुवारी पहिल्या बसने ये, निळा झगा घाल, लग्नाची अंगठी बोटात घालून ये (अडकत असेल तर साबण लाव).

आणखी ता.क. दोनातो ऑलिव्हच्या झाडावरून पडला असं एर्सीलियाच्या कानावर आलं आहे, आणि ती चेहरा पाडून सगळीकडे त्याची चौकशी करत फिरते आहे, म्हणजे आशेवर आहे. गुरुवारची संध्याकाळ उलटेपर्यंत त्याला झाडावर, शिडीवर, गच्चीवर, कुठेही चढू देऊ नकोस. सूप पाज, पाय शेकत ठेव. त्यानंतर त्याला हवं तिथे चढू दे.

शेवटचं. या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. तू तर तो आडवा पडलेला असला तरी ठीक आहे म्हणून लिहिशील. उत्तर दोनातोने लिहायचं, वीतोच्या हाती लगेच पाठवायचं, चार ओळी पुरे, पण अक्षर त्याचं हवं आणि वर तारीख हवी. एर्सीलियाला दाखवायचं आहे.