बाबांचा घसा

प्रिय ताई,
पाया पडायला तोंड नाही, तरी नमस्कार.

ज्या संध्याकाळी मी माझ्या मैत्रिणीला घरी आणलं, त्याच संध्याकाळी बाबांचं गाणं संपलं.

मी बरा आहे. गोदामात काम मिळालंय, दोन वेळा जेवतो. ती आता माझ्याबरोबर नाही, ते जाऊ दे. भाची बोलायला लागली का?

शोकसभेत वाचायला बाबांची आठवण मागितलीस ना, मग ही वाच. रोज सकाळी ते पेटीवर सा धरायचे आणि मी पांघरुणातूनच सा लावेपर्यंत सोडायचे नाहीत. त्या दिवशी तिच्यासाठी हौसेनं गायला बसले. ती हसू दाबत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "बाबा, पुरे! जन्मभर बेसूर गाताय, कुणी सांगितलं नाही का?"

दुसऱ्या दिवसापासून पेटी बंद. तू त्यांना तीन डॉक्टरांकडे नेलंस, गुळण्या करायला लावल्यास. ते मुकाट्यानं करायचे, पण माझं नाव कधी घेतलं नाही. घशाला काहीही झालं नव्हतं, ताई.

तिच्यामागे कॉलेज सोडून निघालो, तेव्हा म्हणाले, "डबा केलाय, घेऊन जा."

"मी काय शाळेत चाललोय?" असं ओरडून मी बाहेर पडलो आणि दार आपटून लावून घेतलं.

कसाही असला तरी तुझाच,
धाकटा