जगनमामांच्या पाकिटावरचं आडनाव

ती. जगनमामांस,

प्रीतीचा सविनय जयभीम. तुमचे गुडघे आणि मामीची शुगर ताळ्यावर असेल अशी आशा करते. (तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून आशाच करावी लागते.)

आधी एक दुरुस्ती. रत्नदीपदादाच्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर ‘श्री. जगनदादा रुसका व परिवार’ असं आलं ती छापखान्याची चूक, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. तसं नाही. कल्याणच्या त्या छापखान्याने माझ्या यादीतला एक कानाही हलवलेला नाही.

झालं असं की पाकिटांवर नावं छापून चिकटवायची म्हणून मी आईच्या फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट एका फाइलमध्ये काढले. एक्सेलमध्ये उघडते ती, सीएसव्ही. पहिल्यांदा उघडली तर मराठी अक्षरांच्या जागी नुसती भुतावळ. ती घालवली तर नंबरांच्या जागी ९.१९ई+११ असलं काहीतरी. तेही निस्तरलं. मग एकेक नंबर आईच्या फोनशी ताडून पाहिला. (नंबर. नावं नाही. आपल्याच माणसांच्या नावात काय चुकणार?) पण आई आडनावं ठेवतच नाही. फोन वाजला की माणूस कळला पाहिजे, हे तिने मलाही लहानपणापासून शिकवलंय. त्यामुळे हेमामावशीला ‘हेमा माझा कुकर’ म्हणून पत्रिका गेली आणि आमच्या घरमालकांना ‘गोपीनाथशेठ उचलू नये’ म्हणून. गोपीनाथशेठ पाकीट घेऊन दारात हजर! “तरीच केशरबाई, मी म्हणतोय नेटवर्कच खराब!” आईला म्हणाले, हसले, चहा घेऊन गेले. मावशीने कुकर परत केला, तोही घासून. रुसलात ते एकटे तुम्ही. आणि (रागावू नका) त्यामुळे आईचं म्हणणं खोडून काढणं मला फार जड जातंय.

मस्करी पुरे, मामा. आई म्हणते, जगनदादा आला नाही तर मीही हॉलमध्ये पाय ठेवणार नाही. ती तसं करेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुमची,
प्रीती

ता. क. आईने तुमचं नाव बदललं. आता ‘जगनदादा माझा’ आहे. (जुनंही आहे. फाइल पुन्हा काढून पाहिली. नंबर एक, नावं दोन.)

ता. क. २. खडवलीकडचे पाहुणे यादीतून राहून जाऊ नयेत म्हणून तुमच्या सुशांतने मला तुमच्या फोनचीही तशीच फाइल पाठवली. ती उघडली तेव्हा आई नेमकी शेजारी. त्यात ती ‘केशर अर्धा तास’ आहे. आता तीही रुसलीय. “त्यालाच येऊ दे आधी,” म्हणते. तेव्हा खरी विनंती ही, की तुम्ही येऊ नका, घरीच थांबा. काहीतरी सांगून मीच तिला तुमच्याकडे आणते. दारात फक्त “ये गं केशर” म्हणा आणि मग तिला हवं तेवढं बोलू द्या. आम्ही येतोय रविवारी, १२ एप्रिलला.