मिरजेचा शिक्का

॥ श्री ॥

सातारा,
मंगळवार, ता. १ ऑक्टोबर १९४६

ती. सौ. अक्का हीस,

सुकुमारचा नमस्कार आणि जयजिनेंद्र.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. मी ठीक आहे. दाजींचा खोकला गेला की नाही ते तू लिहिलं नाहीस. चंदनबाला माहेरी आली आहे हे वाचून बरं वाटलं. तिची सासू फार चांगली आहे म्हणतेस. तूर्त ते मी अर्धं खरं धरतो. लग्नाला पाचच महिने झालेत.

इथे पाऊस थांबला. किल्ल्यावर गवत कमरेइतकं वाढलंय. शाळेत सहामाहीचे पेपर तपासतो आहे. एकाने लिहिलंय, पाणी शंभर अंशांवर रागावतं. त्याला अर्धा मार्क दिला.

नव्या वहाणा करून घेतल्या. उजवी जरा निराळी करावी लागली, आत मऊ गादी घालून. चांभार म्हणाला, "मास्तर, ही आता दुसऱ्या कुनाच्या पायात जायची न्हाई. देवळाभाईर बिनघोर सोडा."

तू विचारतेस, "क्षमावणीच्या कार्डावर तू सातारा लिवलंयस, पर चंदी म्हनती शिक्का मिरजेचा हाय. मिरजेपतोर आलास आन सांगलीला आला न्हाईस व्हय रं?"

चंदनबालाची नजर चांगली आहे. लहानपणी पोस्टाचे शिक्के वाचायला तिला मीच शिकवलं होतं.

त्याचं लिहितो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. आता घंटा झाली. उरलेलं उद्या.

बुधवार, सकाळ

अक्का, काल घंटा झाली नव्हती. मी पेन खाली ठेवलं, एवढंच.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मिरजेच्या डॉक्टरांनी मला मधुमेह सांगितला, तेव्हा परतीच्या वाटेवर मी तुझ्याकडे उतरलो होतो. त्यांनी दिलेली निळ्या द्रावणाची बाटली तुला दाखवली. रोज सकाळी नळीत थोडं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. साखर नसेल तर निळं राहतं. असेल तर हिरवं होतं, मग पिवळं, आणि फार असेल तर विटेसारखं लाल. तू पदर नाकाला लावलास. "शी! माज्या चुलीजवळ आनू नगंस ते."

दुसऱ्या दिवशी पहाटे तू बस्तीत भगवंताचं दर्शन घेऊन आलीस आणि मला चहा देताना, बिनसाखरेचा, सहज बोलावं तसं म्हणालीस की तू नेम घेतलास. सुकूचा रंग सलग तीस दिवस निळा येईपर्यंत गूळ बंद.

मी हसलो होतो. "अक्का, याला पथ्य म्हणतात. ते मी करायचं असतं."

"तू पथ्य कर. मी नेम करते. दोगांत कोन टिकतंय बघू."

दाजी तिथेच न्याहारी करत होते. म्हणाले, "अगं, गुळाच्या अडत्याची बायकू गूळ खाईना म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हनंल? मालात खोट हाय म्हनंल की."

मालात खोट होती, अक्का. ती माझ्यात होती.

सुरुवातीला मी नीट वागलो. ज्वारीची भाकरी, मेथी, कारलं. रोज सकाळी टेकडीवरच्या चार भिंतींपर्यंत चढून यायचो. रेशनची साखर शाळेच्या शिपायाला, नाथाजीला, देऊन टाकायचो. नळी शाळेच्या प्रयोगशाळेतच उकळायचो, कारण दिवा तिथे होता. नाथाजी झाडू घेऊन बाजूला उभा राही. लाल आला तर रेल्वेच्या सिग्नलसारखं म्हणे, "निशान पडलं न्हाई, मास्तर. गाडी थांबली." हिरवा आला तर, "सुटली." निळ्याचं काय म्हणायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने असा सिग्नल पाहिला नव्हता.

निळा आला की तुला कार्ड टाकायचो. ती सगळी कार्डं खरी होती. फक्त ज्या दिवशी मोजणी मोडे, त्या दिवशी मी लिहीत नसे. एकदा बारा दिवस झाले. एकदा सात. माघात एकोणीस झाले.

विसावा दिवस रविवार होता. दुपार. घरी कुणी नाही. नाथाजी त्या आठवड्यात साखर न्यायला आला नव्हता. मी डबा उघडला आणि उभ्यानेच चमच्याने खाल्ली. भूक नव्हती. कुणी आग्रह केला नव्हता. खाताना चव लागली असंही नाही. डबा संपल्यावर मी तो धुऊन पालथा घातला, कुणी येऊन बघणार असल्यासारखा.

त्यानंतर दहाच्या पुढे मोजणी कधी गेली नाही.

चैत्रात दाजींचं पत्र आलं. लग्न वैशाखात धरलंय, आणि तुमची बहीण पोरीच्या लग्नात तोंड गोड करणार नाही म्हणते, पाहुण्यांना काय सांगू. शिवाय ती वाळलीय, नुसत्या गुळाने नव्हे, तुमच्या काळजीने. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "मास्तर, तुमचा तो निळा रंग लवकर आना बगू. न्हाईतर बाजारातनं आनतो."

त्या सकाळी नळी विटकरी होती. मी ती पालथी केली, हात धुतले आणि तुला कार्ड लिहिलं, "आज तीस दिवस पुरे झाले. सगळे निळे. तुझा नेम सुटला."

मांडवात काय झालं ते तुला आठवतं. सगळ्या बायका बघत होत्या. मी गुळाचा खडा तुझ्या तोंडाशी नेला. तू तो दातांनी तोडलास, अर्धा माझ्या तोंडात घातलास आणि म्हणालीस, "आता तुला बी चालतंय."

मी तो खाल्ला. मग पंगतीत बसलो आणि जे वाढलं ते खाल्लं. दाजींनी स्वतः जिलबी वाढली. मी बरा झालो होतो. सगळे तसंच म्हणत होते.

आजवर मी स्वतःला सांगत आलो की हे खोटं तुझ्यासाठी होतं. तू खावंस म्हणून. ते थोडं खरं आहे. पण कार्ड पेटीत टाकल्यावर मला हलकं वाटलं ते तुझ्यासाठी नव्हे. आता कुणी माझी वाट बघत नव्हतं. तुझा नेम सुटला आणि त्याच्याबरोबर मीही सुटलो.

लग्नाहून आलो आणि बाटली कपाटामागे ठेवली. बघितलंच नाही तर रंगही नाही. शास्त्र शिकवणारा माणूस मी.

श्रावणात उजव्या पायाला वहाण चावली. मला कळलंच नाही. या रोगात पावलांची जाणीव जाते म्हणतात. वर्गात फिरत होतो. नाथाजी दारातून म्हणाला, "मास्तर, हालू नगा. तुमच्या पायाचा ठसा उमटतोय."

मागे पाहिलं तर फळ्यापासून बाकांपर्यंत ओले डाग होते.

दुसऱ्या दिवशी त्याने मला गाडीत बसवलं आणि मिरजेपर्यंत स्वतः आला. बोलायचं काही नव्हतं म्हणून वाटेत मी त्याला माझं नळीचं शास्त्र समजावत राहिलो. तो म्हणाला, "ते समदं ठीक हाय. पर बाटली कुटं हाय?"

दवाखान्यात तेवीस दिवस होतो. दोन बोटं काढली, करंगळी आणि शेजारचं. जखम भरली आहे. रोज सकाळी सुई टोचून घेतो, ती आता स्वतःलाच देता येते. काठी घेऊन चालतो. वहाण निराळी का झाली ते हे.

माझ्या खाटेवरून सांगलीची गाडी ऐकू यायची. सहा मैल. तू अर्ध्या तासात आली असतीस, डबा घेऊन, आणि पाय बघून पुन्हा बस्तीत गेली असतीस. म्हणून कळवलं नाही, असं लिहिणार होतो. ते कारण चांगलं आहे. पण मला लाज वाटत होती, अक्का. त्याहून मोठं कारण नाही.

दशलक्षण पर्व तिथेच संपलं. क्षमावणीला सगळे एकमेकांना कार्डं लिहितात म्हणून मीही खाटेवर बसून लिहिलं, "मनाने, वाचेने, कायेने, कळत-नकळत काही दोष घडला असेल तर उत्तम क्षमा असावी." वर सातारा लिहिलं आणि शेजारच्या रोग्याच्या माणसाकडे पेटीत टाकायला दिलं. शिक्क्याचा विचारच केला नाही. तुझ्या उत्तरात होतं, "तुलाबी उत्तम क्षमा." ती क्षमा मी परत करतो. ती कळत-नकळतच्या दोषांना दिलेली आहे. माझ्या दोषात नकळत काहीच नव्हतं.

तुझा नेम माझ्या खोट्यावर सुटला. त्याचा दोष तुला लागतो का ते मला ठाऊक नाही. लागत असेल तर तो माझ्याकडे यावा. पण एक मागणं आहे. हे वाचून पुन्हा गूळ सोडू नकोस. तू सोडलास की मी तुझ्यासाठी निळा आणायला लागेन, आणि ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशीही निळाच लिहीन. माझा हात मला माहीत आहे.

या खेपेला नेम मी घेतो. बस्तीत गेलो नाही. प्रयोगशाळेत, नाथाजीच्या समोर घेतला. रोज निळा येईल असा नेम नाही, तो माझ्याने व्हायचा नाही. रोज बघीन, आणि जो असेल तो तुला लिहीन. एवढाच. ज्या दिवशी साखर खाल्ली त्या दिवशीही. त्या दिवशी नक्की.

कार्डावर दुसरं काही नसलं तर काळजी करू नकोस. नुसता रंग असेल. शाळेच्या रंगीत पेन्सिली आहेत. नळीतच कागद बुडवून पाठवावा असंही मनात आलं होतं. पण तुझा पदर आठवला.

दिवाळीला येईन. पाय बघशील. रडायचं असेल तर आत्ताच रडून घे, म्हणजे तेव्हा नीट बोलता येईल. करंज्या कर. मी समोर बसेन आणि तू खा.

दाजींना नमस्कार. हे त्यांना तूच सांग. चंदनबालाला सांग, मामा तिच्यावर रागावला नाही.

आज सहा वाजता नळी उकळली. नाथाजी म्हणाला, "सुटली." हिरवा. निळा नाही.

तुझा
सुकुमार

मुक्काम सातारा. शिक्का बघून घे.