ढब्बू जेवला!

सूनबाई,

नात शाळेत जायला लागली त्या वर्षी ढब्बू पिल्लू म्हणून घरात आला, पण त्याच्या जेवणाची गोम मला आज कळली! आजही उपाशी राहिला तर सलाईन लावू, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांच्या कागदाप्रमाणे भात, उकडलेलं चिकन, भोपळा आणि चिमूटभर अंड्याच्या टरफलाची पूड कालवली, मीठ-कांदा नाही. तरी तोंड फिरवून बसला. मग आठवलं, तुझी सासू आधी स्वतः घास खायची. मी खाल्ला, तर पठ्ठ्यानं वाडगा चाटून लख्ख केला!

संध्याकाळचं पातेल्यात आहे. आधी तू घास खा, पण तोंड वाकडं करू नकोस, तो बघतो. मी डॉक्टरांना सांगायला पळतोय.

तुझी सासू मागच्या बुधवारी वारल्यापासून तो आज पहिल्यांदा जेवला.